कार्टून लावा, पण पोराजवळ बसा

मे सरत आला की भंडारदऱ्यात काजवे चमकायला लागतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या शेंडीत येऊन थडकतात. धरणाकाठी तंबू लागतात. तुमच्या चुलीवर पाहुण्यांचा स्वयंपाक असतो. नेमकं तेव्हाच मूल पायात घोटाळतं आणि त्याच्या हातात मोबाईल जातो. पुढे आवणी लागली की तुम्ही खाचरात, बाहेर पाऊस, पोरं टीव्हीपुढे.

यात तुमचा दोष नाही. कामाच्या घरात मूल कुठेतरी गुंतवावंच लागतं. फक्त ते काय बघतं, हे एकदा शेजारी बसून बघा.

कार्टून म्हणजे पोरांचंच, ही समजूत आधी सोडा. शिनचॅन जपानात १९९० साली आला तो मोठ्यांच्या साप्ताहिकात. आपल्या सरकारनेही २००८ मध्ये तो टीव्हीवरून बंद केला होता. नंतर काटछाट करून परत आला. मूल त्याच्यासारखं एकाएकी आजीला उलट बोलायला लागलं, तर हात उगारू नका. हे कुठे ऐकलंस, एवढंच विचारा.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ‘जंगल बुक’ तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी दूरदर्शनवर रविवारी बघितलं असेल. तेही जपानात बनलेलं, १९८९ चं. त्यातला बघीरा म्हणजे काळा बिबट्या. मोगलीचा जिवलग. शहरातल्या पोरानं तो बघितला आणि विसरला, काही बिघडत नाही. आपल्याकडे रानात खरा बिबट्या आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घराला लागून आहे. म्हणून बघीरा दिसला की तिथेच सांगा: हा गोष्टीतला. खरा दिसला तर जवळ जायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं आणि मोठ्यानं ओरडायचं. अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर जायचं नाही.

टीव्ही लावताना दिवाही लावा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानात पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि सुमारे ६८५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. बहुतेक मुलंच होती. तेव्हापासून तिथे कार्टूनच्या आधी सूचना येते: खोलीत उजेड ठेवा, लांब बसा. पावसाळ्यात आपली घरं भरदुपारी अंधारी असतात. पोरं पडद्याला नाक लावून बसतात. त्यांना मागे ओढा.

मोबाईलचं भय वेगळं. तिथे एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. पेपा पिग या कार्टूनचा चेहरा लावून भलतंच भीतीदायक दाखवणारे व्हिडिओ निघाले होते, २०१७ मध्ये त्यावरून जगभर ओरड झाली. म्हणून आपोआप पुढे जाण्याचं बटण बंद करा. जमत नसेल तर शाळेतल्या गुरुजींना किंवा शेजारच्या कॉलेजातल्या पोराला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग लावायचं काय? ‘शॉन द शीप’ बघा. इंग्लंडचं आहे, २००७ पासूनचं. त्यात कुणी बोलतच नाही. मेंढ्या, कुत्रा आणि एक शेतकरी, एवढंच. इंग्रजी नको, हिंदी नको. आजीसुद्धा हसते. बोलणारं कार्टून लावायचं तर भाषेच्या बटणात मराठी मिळते का ते आधी बघा.

दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र काहीच दाखवू नका. पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं हेच सांगणं आहे. भरवताना मोबाईल पुढे धरायची सवय लागली असेल, तर ती पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच मोडा. एकदा घरात गर्दी झाली की ते जमणार नाही.

आणि पाहुणे उतरले की त्या तासाला पोराजवळ कोण बसणार, हे आजच घरात ठरवून टाका.