नक्कल हातात असू द्या

सारंगखेड्याच्या बाईला घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल लागते ती ऐन अडचणीत: रेशनकार्ड वेगळं करताना, नाहीतर पुन्हा लग्न ठरताना. वकील गावात नसतो, दाव्याचा नंबर आठवत नाही. आधी निकालाचं साल आठवावं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात होतो, म्हणून जुनी फाइल शहाद्याला सापडली नाही तर धुळ्यालाही चौकशी करावी. दावा अलीकडचा असेल तर सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक वकिलाकडून लिहूनच घ्यावा. नकलेच्या अर्जावर तो घातला की शोधाशोध वाचते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ (४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत दोन्ही पक्षांना फुकट द्यायची असते. ती निकालानंतर लगेच मागा, संकोच नको. मला जास्त काळजी वाटते ती भिल्ल, पावरा बायकांची. अनुसूचित जमातींना हा कायदा एरवी लागूच नाही; काडीमोड पंचांसमोर होतो आणि पुष्कळदा कागदाचा चिटोराही मागे राहत नाही. पोटगीचा अर्ज मात्र त्याही दंडाधिकाऱ्यांकडे करू शकतात, आणि त्या आदेशाची प्रतही त्यांना विनामूल्यच मिळते.