यादी आपली, फैसला आपला, मग अपील कोणाकडे?

प्रति,
सचिव, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, नवी दिल्ली.

महोदय,

सौर पॅनेलांची मंजूर यादी कोणी करावी, तीत कोणाचे नाव घालावे व कोणाचे काढावे, आणि तो निर्णय चुकला तर दाद कोणाकडे मागावी, या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे आपल्या मंत्रालयाच्या २ जानेवारी २०१९ च्या आदेशात सापडतात. तिसऱ्याचा शोध घेत निघालेला परभणी जिल्ह्यातील शेतकरी मात्र फिरून आपल्याच दाराशी येऊन उभा राहतो.

ज्या ज्या कचेऱ्यांत आम्ही अर्ज गुजरले त्यांची नावे येथे घेत नाही. पोच सर्वांनी दिली, फैसला कोणीच दिला नाही. तक्रार एवढीच होती की पॅनेलावर छापलेली शक्ती पंपाला मिळत नाही आणि भर दुपारी पाण्याची धार मंदावते. त्यावर तोंडी मिळालेले उत्तर असे, की मॉडेल मंजूर यादीत आहे, सबब तक्रारीस जागा नाही. ज्या यादीविरुद्ध फिर्याद, तीच यादी पुराव्यादाखल दाखल करून घेण्याचा हा न्याय अपूर्व खरा!

पॅनेलावरील वॉटचा आकडा सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस व प्रकाश दर चौरस मीटरला १००० वॉट असताना मोजलेला असतो, हे आम्हांसही ठाऊक आहे. मे महिन्यात जिंतूर-सेलूकडे पारा ४४ अंशांवर जातो आणि काचेखालचा सेल ६५ अंशांच्या घरात पोहोचतो, अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के घट धरली तर १२ ते १६ टक्के शक्ती उन्हातच विरते. तेवढी घट निसर्गाची म्हणून आम्ही सोसू. परंतु तिच्या पलीकडची घट कोणाच्या खाती मांडावयाची, हे मोजून सांगणारा तटस्थ मनुष्य कोठे आहे? २०२३ साली आपण सौरपंपांच्या सिलिकॉन पॅनेलांसाठी १९.५० टक्के किमान कार्यक्षमता ठरविली. ती आमच्या बांधावरील पॅनेलात आहे की केवळ कागदावर, हे विचारावयाचे तरी कोणास?

उद्योगाचे गाऱ्हाणे ऐकण्यास आपणांस कान आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. १० मार्च २०२१ रोजी पहिली यादी निघाली. २०२३-२४ या वर्षापुरती ती स्थगित झाली. १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली. मध्यंतरी अर्जाचे शुल्क ८० टक्क्यांनी उतरले आणि नोंदणीची मुदत दोन वर्षांची चार वर्षे झाली. सेलांच्या यादीसाठी १ जून २०२६ ही तारीखही मुक्रर झाली. इतक्या दुरुस्त्या सुचल्या, पण ज्याचे मॉडेल नाकारले गेले तो लहान कारखानदार आणि ज्याच्या शेतात निकृष्ट मॉडेल उभे राहिले तो शेतकरी, या दोघांसाठी मंत्रालयाबाहेरचे एक अपील-पीठ तेवढे सुचले नाही.

बॅटरीची कथा निराळी नाही. तिच्यासाठी २०१७ च्या आदेशाने आयएस १६२७० हे मानक सक्तीचे केले. परवान्याबाबत भारतीय मानक ब्यूरोचा निर्णय चुकला तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ३४ अन्वये अपील त्याच ब्यूरोच्या महासंचालकांकडे, आणि पुढचे केंद्र सरकारकडे. मुनिमाच्या हिशेबातील चूक सावकारालाच दाखवावयाची, अशातला हा प्रकार.

आमच्या जिल्ह्याला अपील ही वस्तू नवखी नाही. निजामी अमलात तालुकदाराच्या कचेरीचे उंबरे आमच्या आज्यापणज्यांनी झिजविले. आजही सातबाऱ्यावरील फेरफार चुकला तर महसूल संहितेच्या कलम २४७ ची वाट खुली आहे. विजेचे देयक चुकले तर २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. मोठ्या वीज कंपन्यांना आयोगाचा हुकूम रुचला नाही तर कलम ११० चे अपिलीय न्यायाधिकरण आहे, तेथे जाण्यास ४५ दिवस आहेत आणि अपील १८० दिवसांत निकाली काढण्याची अपेक्षा कायद्यातच नमूद आहे. वीज निर्माण करणारे यंत्र मात्र या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर, उन्हात! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही गमतीने म्हणतो. दाद मागण्याच्या बाबतीत आपण ते भलत्याच अर्थाने खरे केले आहे.

एका महिन्यात ४५ हजारांहून अधिक सौरपंप बसविल्याबद्दल डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या नावे जागतिक विक्रम जाहीर झाला. त्यातील प्रत्येक पंपामागे शेतकऱ्याचा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के हिस्सा आहे, आणि तो त्याने यादीवर विश्वास ठेवून भरला आहे. विक्रमाची नोंद ठेवण्यास माणसे मिळाली. पंपांची तपासणी करण्यास का मिळू नयेत?

निवृत्त न्यायाधीश, कोणत्याही उत्पादकाशी संबंध नसलेला विद्युत अभियंता आणि लाभार्थ्यांचा एक प्रतिनिधी, असे तिघांचे पीठ नेमावे; शेतातून उचललेला नमुना तपासविण्याचा अधिकार त्यास असावा; निर्णय साठ दिवसांत, कारणांसह व मराठीत मिळावा. शेतावरील मोजमापासाठी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच १९७२ पासून उभे आहे, त्याचे साहाय्य घ्यावे.

हे मान्य नसेल तर तसे लेखी कळवावे. नकार हाती असला तर त्याविरुद्ध औरंगाबाद खंडपीठात जाता येईल. मौनाविरुद्ध गेलो तर न्यायालय आधी आपणांसच उत्तर द्यावयास सांगेल, आणि आम्ही पुन्हा आपल्याच टपालाची वाट पाहत बसू.

आपला,
परभणी जिल्ह्यातील एक सौरपंपधारक