कुंडीखालची बशी

वैशाखात अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो. बार्शीटाकळीतील घरांतून कूलर सुरू होतात आणि बैठकीतील मनीप्लांटला सकाळ-संध्याकाळ पाणी घालण्याची सवय जडते. पावसाळा लागला, तरी ती सुटत नाही. मग उन्हातून तगलेले रोप आषाढात कुजते. दमट हवेत माती लवकर सुकत नाही. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. आपण ती तहान समजून आणखी पाणी घालतो. म्हणून मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट कुंडीखालच्या बशीत आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातील अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः 8 ते 10 दिवस पुरतात. शिवाय भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही.

आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' ठरवावा. त्या दिवशी कुंड्यांच्या बशा, मनीप्लांटची बाटली आणि कूलरची टाकी रिकामी करून आतून घासावी व पुसून कोरडी करावी. बाटलीचे तोंड अरुंद असल्यास वेल सरळ मातीत लावावी. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी रात्र जागविण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचे श्रम केव्हाही हलके.