केबल आपल्या वाळूखाली, चावी दुसऱ्याच्या खिशात

मंडळी, जरा स्पष्टच बोलतो.

परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबलींपैकी बऱ्याचशा आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बाहेर पडतात. आणि आमच्या सोसायटीत गेटवरचा कॅमेरा तिसऱ्या मजल्यावरून बघायचा तर चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं, मग माझ्या फोनवर येतं. मागच्या पावसाळ्यात सायकल चोरीला गेली, तेव्हा रेकॉर्डिंगच उघडेना. का? तर वर्गणी संपलेली. कॅमेरा आमचा, भिंत आमची, वीज आमची, चित्र मात्र कंपनीचं!

पोरं म्हणतात, "काका, फुकटवालं व्हीपीएन टाका." अरे बाबांनो, त्याने कॅमेरा आपला होत नाही. उलट केबलवाल्याला जे दिसत होतं ते आता त्या अॅपवाल्याला दिसणार. तो कोण, कुठला, ठाऊक आहे का?

माझं म्हणणं, व्हीपीएन आपणच चालवू. मच्छीमार सोसायट्या डिझेल-बर्फ सभासदांना देतात आणि हिशोब सभेत मांडतात, तसंच हे. वायरगार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे. प्रत्येक घराची खासगी चावी घरातच राहते.

"मोठं झालं की कोलमडेल," असं कोणी म्हणेल. प्रत्येक घर प्रत्येक घराला जोडलं तर कोलमडेलच: २० घरांना १९० जोडण्या, ५०० घरांना १,२४,७५०. म्हणून गल्लीगल्लीत केंद्रं हवीत. पण केंद्र सांभाळणाऱ्याला आतली वाहतूक दिसू शकते, हे लपवून चालणार नाही. खरा प्रश्न तोच आहे. म्हणून प्रत्येक केंद्राला दोन माणसं, सभेने निवडलेली, दरवर्षी बदलणारी.

आणि हो, कायद्याला बगल द्यायला हे नाही. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने व्हीपीएन विकणाऱ्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी ५ वर्षं ठेवायला सांगितलं. काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. म्हणून आपलं जाळं आतल्या आत: कॅमेरे, सोसायटीची कागदपत्रं, एवढंच. इथून बाहेरच्या इंटरनेटला वाट नाही.

२०१५ साली दोघांनी आपला किनारा साफ करायला घेतला, मग हजारो हात लागले. आपण २० घरांपासून सुरू करू.

येत्या सभेत विषय मांडतोय. विरोध करायला जरूर या. फक्त येण्याआधी आपल्या बिल्डिंगच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, तेवढं शोधून या.