चुकलेल्या मुलाचा न्याय

घरांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें शेजाऱ्याची सायकल पळविली, तर आमच्या सुशिक्षित घरांतून बहुधा दोनच मार्ग सुचतात. वडील माणसें किंमत भरून व मुलास दोन चपराका देऊन प्रकरण मिटवितात. किंवा तें पोलिसांपर्यंत गेलेंच, तर वकील गांठून 'तूं कांहीं बोलूं नकोस' असें मुलास बजावितात. ज्याची सायकल गेली तो शेजारी मात्र दोन्ही वेळां बाजूसच राहतो, आणि आपण कोणाचें काय नेलें हें मुलासहि कळत नाहीं.

न्यूझीलंड देशानें १९८९ सालीं कायद्यानें तिसरा मार्ग घालून दिला. तेथील मूळचे रहिवासी माओरी लोक. आजी-आजोबा, काका, मावशा व भावंडें मिळून होणाऱ्या विस्तृत कुटुंबास ते 'फानाउ' म्हणतात. १९८६ सालीं जॉन रांगिहाउ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सरकारास स्पष्ट सांगितलें कीं, माओरी मुलांविषयींचे निर्णय त्यांच्या कुटुंबांस वगळून होत आहेत. पुढील कायद्यानें केवळ माओरीच नव्हे, तर सर्वच मुलांसाठीं 'कुटुंब-परिषद' निर्माण केली.

तिची रीत अशी. किरकोळ अपराध पोलीसच ताकीद देऊन अगर भरपाई ठरवून मिटवितात. त्याहून गंभीर असेल तर मुलगा, त्याचे नातलग, पोलीस, सरकारी संयोजक आणि इच्छा असल्यास ज्याचें नुकसान झालें तो मनुष्य, असे एकत्र बसतात. अपराध मुलास मान्य असेल तरच शिक्षेऐवजीं काय करावें ह्याचा विचार होतो. नुकसान सोसणारा आपलें म्हणणें सांगतो. मग बाकीचे बाहेर जातात व कुटुंब एकटेंच बसून योजना आंखतें: माफी कशी मागावी, भरपाई कोणत्या श्रमांतून करावी, शाळेचें काय, आणि मुलावर लक्ष कोणी ठेवावें. योजना सर्वांस पटली तर ठीक. नाहींतर न्यायालय आहेच. खुनासारख्या अपराधांस मात्र ही वाट नाहीं.

ही निव्वळ सौम्यता आहे, असें कित्येकांस वाटेल. मला तसें वाटत नाहीं. न्यायालयांत मुलाच्या वतीनें वकील बोलतो. येथें ज्या बाईची पिशवी हिसकली तिच्यासमोर, आणि तेंहि स्वतःच्या आजीच्या देखत, मुलास स्वतः बोलावें लागतें. दंड दुसरा करतो. प्रायश्चित्त आपणच पत्करावें लागतें.

मग आमच्या जातपंचायती काय वाईट, असा प्रश्न कोणी करील. जातपंचायत माणसास बहिष्कार घालून तोडते. म्हणूनच २०१६ सालीं महाराष्ट्र विधिमंडळास सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत करावा लागला. कुटुंब-परिषदेवर कायद्याची देखरेख असते, नकार देण्याची मोकळीक असते, आणि मुलास परत घरांत घेणें हा तिचा हेतु असतो.

एवढ्यानें सर्व साधलें असें नाहीं. तेथील न्यायालयांत माओरी मुलांचें प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानें अद्यापिहि पुष्कळ अधिक आहे. दारिद्र्यानें मोडलेल्या घरास परिषद एका दिवसांत उभें करूं शकत नाहीं.

आपल्याकडेहि २०१५ च्या कायद्यानें बालन्याय मंडळास समज देऊन घरीं पाठविणें, समाजसेवा करावयास लावणें असे मार्ग दिले आहेत. परंतु मंडळापर्यंत जाण्यापूर्वींचें काम घराचें आहे. ज्या घरांत दहा माणसें एका पंक्तीस बसतात, त्या घरास बैठकीची वाण नाहीं. मुलगा चुकला तर त्यास शेजाऱ्याच्या दारीं न्यावें, शेजाऱ्याचें बोलणें पुरतें ऐकवावें, आणि सायकलीची किंमत वडिलांच्या खिशांतून नव्हे, तर मुलाच्या सुटीच्या दिवसांच्या श्रमांतून फेडवावी. त्या दारीं जातांना घरांतील एक वडील माणूस त्याच्या शेजारीं उभा असावा, एवढेंच माझें सांगणें आहे.