नोकरी धरताना काय विचारावे?



2012 साली व पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतील अनेक घरांचा आधार गेला. पेडण्यात 2023 च्या जानेवारीपासून मोपा विमानतळ सुरू झाला. आता बारावी झालेली मुले सुपरमार्केट, गोदामे व हॉटेलांची भांडारे येथे काम शोधतात. खाणीतला धोका आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण दुकानात कसला धोका, असे पुष्कळांना वाटते. हा समज घातक आहे.

मालाचे ढीग उचलणारी फोर्कलिफ्ट दिसायला लहान, पण वजनाला मोटारीपेक्षा भारी असते. ती मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग एकदम बाहेर येतो व बाजूला उभा असलेला माणूस भिंतीशी चिरडू शकतो. समोर उंच माल असला की चालकाला पुढचे दिसत नाही. अशा वेळी मागे पाहत उलटे जायचे असते. माल वर धरून वळल्यास यंत्र कलंडते आणि उडी मारणारा त्याखालीच सापडतो. पट्टा बांधून आत बसून राहणे हाच बचाव. हे शिकवल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत दुकाने व गोदामांत अठरा वर्षांखालील मुलांना हे यंत्र चालविण्यास बंदी आहे. ‘स्कूटर येते ना, मग बस’ एवढ्यावर चावी हातात घेऊ नये.

म्हणून पगाराबरोबर दोन गोष्टी विचाराव्यात. काम शिकवणार कोण? ईएसआयमध्ये नाव घालणार का? दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत, ठराविक मर्यादेपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू होते. कामावर इजा झाल्यास उपचार मिळतात व बरे होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते. योजनेबाहेरच्या कामगाराला भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व 1923 च्या कायद्याने आणले व 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते कायम आहे. मात्र अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. ‘घरी पडलो म्हणून सांग’ असे कोणी म्हटले, तरी डॉक्टरांना खरे तेच सांगावे.

शाळेत आम्ही आज्ञापालन शिकवतो, ते योग्यच आहे. पण जिवाला धोका असलेले काम ‘मला हे येत नाही, आधी शिकवा’ असे सांगून थांबवणे हा उद्धटपणा नव्हे. पालकांनीही ‘नोकरी जाईल’ या भीतीने मुलांना गप्प बसवू नये. नोकरी दुसरी मिळते. गेलेला हात मिळत नाही.