अंघोळ घातली, पण हात फिरवला का?

रविवारी सकाळी पलूस, कुंडल किंवा रामानंदनगरच्या एखाद्या गल्लीत चक्कर मारली, तर कुठल्या ना कुठल्या अंगणात कुत्र्याची अंघोळ चाललेली दिसते. बोअरच्या पाइपने पाणी, घरातल्या माणसांचा शाम्पू, नाहीतर सरळ कपडे धुण्याची वडी आणि शेवटी जंतू मरावेत म्हणून बादलीत झाकणभर जंतुनाशक. कुत्रा अंग झटकतो, मातीत लोळतो, मुले हसतात. महिन्याची निगा झाली असे मालकाला वाटते. त्याच कुत्र्याच्या कानाच्या पाळीखाली चार गोचीड टम्म फुगून बसलेले असतात आणि रेबीजच्या लसीचे कार्ड कपाटात कुठे आहे, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

कुत्र्याच्या निगेचा अर्थ आपण अंघोळीपुरताच घेतला आहे. खरे तर निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एक अंघोळ पुरते. त्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ असते आणि तिचा आम्ल-अल्कली समतोलही वेगळा असतो. त्यामुळे माणसांचे साबण आणि शाम्पू वारंवार लावले, की अंगावरचे नैसर्गिक तेल जाते, कोंडा होतो, खाज सुटते. खाजवून जखम होते, जखमेवर माशा बसतात. मग ‘कुत्रा अस्वच्छ आहे’ म्हणून पुन्हा अंघोळ! कुत्र्यांसाठीचा शाम्पू वापरावा, तो पूर्ण धुऊन काढावा आणि पायाच्या बोटांमधली व कानांमागची जागा कोरडी करावी. पावसाळ्यात तर अंघोळीपेक्षा हे पुसणेच जास्त महत्त्वाचे.

अंघोळीपेक्षा रोज पाच मिनिटे हात फिरवणे कितीतरी मोलाचे आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत, काखेत, जांघेत, पंजांच्या गादीत, पट्ट्याखाली. डॉक्टर रुग्णाचे पोट चाचपतो तसे. गाठ, जखम, गोचीड, गवताचे कुसळ, सगळे हाताला आधी लागते, डोळ्यांना नंतर दिसते. रानात हिंडणाऱ्या कुत्र्याच्या बोटांत किंवा कानात कुसळ शिरले, तर ते आत आत सरकत जाते. कुत्रा एकाच बाजूला सारखी मान झटकू लागला, तर कानात तेल ओतत बसू नये, पशुवैद्याला दाखवावे. नखांचेही तसेच. शेतातल्या कुत्र्याची नखे चालून चालून झिजतात; पण पायाच्या आतल्या बाजूचे, अंगठ्यासारखे नख जमिनीला टेकत नाही. ते वळून मांसात रुतते आणि कुत्रा लंगडेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

या भागाचा स्वतःचा कुत्रा म्हणजे कारवान. मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने याच वंशाची जोपासना केली आणि टपाल खात्याने 2005 मध्ये मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. उन्हाला सरावलेला, आखूड केसांचा, चपळ प्राणी. त्याला जाडसर ओल्या फडक्याने पुसले तरी अंग चकाकते. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून दूध-भाकरी कोंबून त्याला ‘तब्येतीत’ आणण्याचा हट्ट मात्र करू नये. तो तसाच असतो. फक्त कडक फरशीवर झोपून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात, तेवढे एक पोते अंथरावे.

अलीकडे मात्र हौस वेगळीच आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो त्या गावात, पत्र्याच्या शेडखाली हस्की बांधलेला असतो. ही हौस नाही, हा त्रास आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. मग दया येऊन मालक त्याचे केस मुळापासून भादरतो. तेही चूक. हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या केसांचे दोन थर असतात. आतले गळणारे केस विंचरून काढले की हवा खेळते. वरचा थर भादरला की कातडी उन्हात उघडी पडते आणि पुढे केस नीट येतीलच असेही नाही. कुत्रा लाळ गाळत धडपडू लागला, तर त्याला सावलीत घ्यावे, अंगावर साधे पाणी टाकावे, पंखा लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

आता गोचीड. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे भिंतीच्या भेगांत आणि दगडांच्या सांदीत असतात. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि तिथे हजारांनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याला औषध लावले आणि त्याची जागा तशीच ठेवली, तर पंधरवड्यात पुन्हा तेच. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल नको, काडी नको, बोटांनी चिरडणे तर मुळीच नको. गोठ्यात जनावरांसाठी आणलेले गोचीडाचे औषध अंदाजाने कुत्र्याला फासणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे. कुत्रा ते चाटतो, थरथरतो, झटके येतात. घरात मांजर असेल तर आणखी जपावे. यातली काही औषधे मांजराला जीवघेणी ठरतात. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्यांचेही तेच. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

द्राक्षपट्ट्यात आणखी एक गोष्ट माहीत असायलाच हवी. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात. दोष त्यातल्या टार्टारिक आम्लाचा असावा, असे अलीकडे मानले जाते. एखादा कुत्रा बागेत पडलेले मणी खाऊन मजेत हिंडतो, दुसऱ्याला थोड्याशा बेदाण्यांनी उलट्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद पडते. कोणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. ‘आमचा तर रोज खातो’ हा पुरावा त्यामुळे कामाचा नाही. बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रा ठेवणाऱ्यांनी तो तिथे पडलेला माल खात नाही ना, हे पाहावे.

जत्रेत बोकड कापला की आतडी, फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकली जातात. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून तोच हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या यकृतात पुढे कित्येक वर्षांनी पाण्याच्या फुगवट्यासारखी गाठ सापडते. कच्चे अवयव न घालणे, पशुवैद्याच्या सल्ल्याने ठराविक काळाने जंताचे औषध आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, एवढ्याने ती शस्त्रक्रिया टळते.

आणि शेवटी दात. निगा राखतानाच घरचा कुत्रा चावतो: नख कापताना, कानाला हात लावताना, गुंता सोडवताना. ‘आपलाच आहे, रागाने नाही चावला’ म्हणून ती जखम घरात लपते. पिल्लाचे दात लागले तर कोणी मोजतही नाही. पण पिल्लालाही रेबीज होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस, पशुवैद्य सांगेल तेव्हा पुढचा डोस आणि मग दरवर्षी एक. हा खर्च शाम्पूच्या बाटलीएवढाही नसतो.

चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, मिरची काही लावू नये, पट्टी आवळू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे; लस मोफत मिळते. त्वचेत द्यायच्या पद्धतीत पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत द्यायच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा. जाताना त्याचे लसीचे कार्ड बरोबर न्यावे. पण ते सापडत नाही म्हणून निघायला उशीर करू नये.